इंटरप्टला बिचकलेला प्रोग्रामर: एड्सगर डाइक्स्ट्रा

कर्नलची स्ट्रेस टेस्ट म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे एका डच माणसाचं आयुष्य का सांगतोय ते लक्षात येईल. कर्नल (फौजेतला नव्हे) म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, मेमरी कुणाला किती, डिस्क किंवा नेटवर्ककडून आलेला निरोप कुणाकडे पोहोचवायचा, हे सगळं तो ठरवतो. स्ट्रेस टेस्टमध्ये या गाभ्याला मुद्दाम जेरीस आणायचं असतं. एकाच वेळी शेकडो प्रोसेस सोडायच्या, मेमरी काठोकाठ भरायची, डिस्कवर सतत लिहीत राहायचं, मध्येच एखादा कोअर बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि हे सगळं रात्रभर चालू ठेवायचं. माझं रोजचं काम हेच आहे, आणि तेही खऱ्या बोर्डांवर.

या कामातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट म्हणजे पुन्हा न दिसणारी चूक. टेस्ट सतरा तास मजेत चालते आणि अठराव्या तासाला बोर्ड गप्प होतो. तीच कमांड, तोच बोर्ड, तेच कर्नल घेऊन पुन्हा चालवा, तीन दिवस काहीही होत नाही. मग प्रश्न पडतो की चूक गेली, की लपून बसली? आणि टेस्ट पास झाली असं लिहायचं तर कशाच्या जोरावर?

एड्सगर डाइक्स्ट्रा यांना हा प्रश्न १९५०च्या दशकातच पडला होता, आणि त्यांना त्याची अक्षरशः धास्ती वाटली होती. आज त्यांचं नाव घेतलं की कॉलेजच्या मुलांना सर्वांत जवळचा रस्ता शोधणारा अल्गोरिदम आठवतो. फोनवरचा नकाशा रस्ता दाखवतो त्याच्या मुळाशी तीच कल्पना आहे. पण कर्नल तपासणाऱ्यांसाठी त्यांचं आयुष्य वेगळ्या कारणाने महत्त्वाचं आहे.

वकील व्हायचं होतं

डाइक्स्ट्रांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅममध्ये झाला. वडील रसायनशास्त्र शिकवायचे, आई गणितज्ञ होती. मुलाला मात्र कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात नेदरलँड्सचं प्रतिनिधित्व करायचं होतं. शाळेत विज्ञानात इतके चांगले गुण मिळाले की घरच्यांनी आणि शिक्षकांनी त्यांना लायडन विद्यापीठाकडे वळवलं. तिथे त्यांनी गणित आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्र घेतलं.

१९५१च्या सप्टेंबरात केंब्रिजमध्ये प्रोग्रामिंगचा तीन आठवड्यांचा वर्ग होता. मॉरिस विल्क्स यांचं एडसॅक यंत्र तिथे होतं. वडिलांच्या सांगण्यावरून डाइक्स्ट्रा तिकडे गेले. या निमित्ताने ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रातल्या आद्रियान फान वाइनगार्डन यांच्याशी ओळख झाली, आणि मार्च १९५२ पासून डाइक्स्ट्रा तिथे प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. नेदरलँड्समधले पहिले प्रोग्रामर म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. त्या धंद्याला तेव्हा काही पत नव्हती. १९५७ मध्ये रिया डेबेट्स यांच्याशी लग्न झालं तेव्हा अर्जात व्यवसाय म्हणून प्रोग्रामर लिहिलेलं ॲम्स्टरडॅमच्या कचेरीने मान्य केलं नाही, कारण असा व्यवसायच नसतो! शेवटी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद झाली.

यंत्र नाही, प्रोग्राम मात्र हवा

गणित केंद्रात यंत्र बांधणारे दोघे होते, ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्खोल्टेन. त्यांचं पहिलं यंत्र आरा. ते रिलेंवर चालायचं आणि भरवशाचं अजिबात नव्हतं. त्याच नावाचं दुसरं यंत्र जवळजवळ नव्याने बांधावं लागलं. मग १९५६ मध्ये आरमॅक आलं. त्याच्या उद्घाटनाला काहीतरी समजण्याजोगं दाखवायचं म्हणून डाइक्स्ट्रांनी ६४ डच शहरांमधला जवळचा रस्ता शोधणारा प्रोग्राम केला. ॲम्स्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी घेत, कागद-पेन्सिल न वापरता, सुमारे वीस मिनिटांत तो अल्गोरिदम डोक्यात तयार झाला होता. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, म्हणून इथे जास्त लांबवत नाही.

मला महत्त्वाची वाटते ती त्यांची कामाची पद्धत. यंत्र नेमकं काय करेल हे तिघांनी बसून लेखी ठरवायचं. मग लोपस्ट्रा आणि स्खोल्टेन ते बांधायला घेणार आणि त्याच वेळी डाइक्स्ट्रा त्याच्यासाठी प्रोग्राम लिहिणार. म्हणजे प्रोग्राम लिहून होत असे तेव्हा तो चालवायला यंत्रच नसायचं. चालवून बघू, चुकलं तर दुरुस्त करू, ही सोय नव्हतीच. कागदावरचा प्रोग्राम बरोबर आहे हे विचार करूनच स्वतःला पटवून द्यावं लागायचं. पुढे आयुष्यभर ते प्रोग्राम सिद्ध करण्याबद्दल बोलत राहिले. लोकांना तो गणितज्ञाचा हट्ट वाटला. मला त्यात एक साधं व्यावहारिक कारण दिसतं. उमेदीची वर्षं अस्तित्वात नसलेल्या हार्डवेअरसाठी प्रोग्राम लिहिण्यात गेली की माणसाला अशी सवय लागणारच.

मधेच कुणीतरी हाक मारणार

पुढचं यंत्र एक्स-१. ते ट्रान्झिस्टरवर चालणारं होतं आणि इलेक्ट्रोलॉजिका नावाच्या नव्या डच कंपनीतर्फे विकायचं होतं. लोपस्ट्रा आणि स्खोल्टेन यांनी त्यात इंटरप्ट घालायचं सुचवलं.

इंटरप्ट नसेल तर प्रोसेसरला टाइपरायटरकडे बघत बसावं लागतं. झालं का? झालं का? असं विचारत. टाइपरायटर मंद, प्रोसेसर जलद, त्यामुळे यंत्राचा बराच वेळ वाया जातो. इंटरप्ट असेल तर प्रोसेसर आपलं गणित करत राहतो आणि टाइपरायटरचं काम झालं की तोच हाक मारतो. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवतो, टाइपरायटरला पुढचं अक्षर देतो आणि जिथे होता तिथून पुन्हा सुरू करतो. ऐकायला छानच.

डाइक्स्ट्रांना यातला धोका लगेच दिसला. तोपर्यंतचं यंत्र घड्याळासारखं होतं. तोच प्रोग्राम, तोच डेटा दिला की तेच उत्तर त्याच क्रमाने. चूक असेल तर दर वेळी त्याच जागी. आता ही हाक कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये येऊ शकत होती, आणि नेमकी कुठे ते बाहेरच्या उपकरणाच्या वेगावर, म्हणजे जवळजवळ नशिबावर. लाखो जागांपैकी एकाच जागी हाक आली तरच बिघडेल अशी चूक हँडलरमध्ये राहिली, तर ती कधी दिसणार? दिसलीच तर पुन्हा कशी दाखवणार? त्यांनी हा निर्णय काही महिने लांबवला. शेवटी दोघा मित्रांनी त्यांना गळ घालून तयार केलं.

एकदा तयार झाल्यावर मात्र डाइक्स्ट्रांनी इंटरप्ट हँडलर असा रचला की हाक कुठेही आली तरी मूळ प्रोग्रामला ती जाणवणार नाही, हे तर्काने दाखवता यावं. बाजूला ठेवलेलं काम जसंच्या तसं परत उचललं जातं, हेच त्याचं सार. १९५९ मधला त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध याच कामावर आहे.

आज आपल्या टेबलावरच्या साध्या बोर्डातसुद्धा टायमर सेकंदाला शंभर ते हजार वेळा हाक मारत असतो, वर नेटवर्क आणि यूएसबी वेगळेच. अठराव्या तासाला बोर्ड गप्प होतो तेव्हा बहुतेक वेळा मुळाशी डाइक्स्ट्रांची तीच भीती निघते. दोन गोष्टी नको त्या क्षणी एकत्र आलेल्या असतात.

जाता जाता दाढीची गोष्ट. १९६० मध्ये डाइक्स्ट्रा आणि याप झोनफेल्ड यांनी एक्स-१साठी अल्गोल ६० भाषेचा कंपायलर लिहायला घेतला आणि तो पुरा होईपर्यंत दाढी करायची नाही असं ठरवलं. ऑगस्टमध्ये कंपायलर चालला. झोनफेल्ड यांनी दाढी काढली. डाइक्स्ट्रांची राहिली ती शेवटपर्यंत.

आइंडहोफेनमधले सहा जण

१९६२ मध्ये ते आइंडहोफेनच्या तांत्रिक विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. विद्यापीठाच्या डच नावाची आद्याक्षरं टीएचई, आणि तिथे तयार झालेल्या ऑपरेटिंग सिस्टीमलाही तेच नाव पडलं. यंत्र होतं इलेक्ट्रोलॉजिका एक्स-८. मेमरी ३२ हजार शब्दांची, एक शब्द २७ बिटांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ११० किलोबाइट. सोबत ५१२ हजार शब्दांचा फिरता चुंबकीय ड्रम. गटात सहा जण: डाइक्स्ट्रा, ब्रोन, हाबरमान, हेन्ड्रिक्स, लिख्टमान्स आणि फोरहूफे.

अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालवायचे तर त्यांच्यात शिस्त हवी. त्यासाठी डाइक्स्ट्रांनी सेमाफोर आणला. नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेलं. एकेरी रुळावर एक गाडी असली की सिग्नल पडतो, दुसरी थांबते. सेमाफोर म्हणजे एक आकडा आणि त्यावरच्या दोनच क्रिया, पी आणि व्ही. पी केल्यावर आकडा कमी होतो आणि जागा नसेल तर प्रोसेस झोपते. व्ही केल्यावर आकडा वाढतो आणि झोपलेल्यांपैकी एखादी उठते. लिनक्स कर्नलमध्ये सेमाफोर आजही आहे.

याच वर्षांत त्यांनी डेडलॉकचा अभ्यास केला. एकाने पहिलं कुलूप धरून दुसऱ्याची वाट बघायची, दुसऱ्याने दुसरं धरून पहिल्याची. दोघेही जन्मभर उभे. १९६५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत एक प्रश्न घातला, पाच संगणक आणि त्यांनी वाटून घ्यायचे टेप ड्राइव्ह असा. पुढे टोनी होअर यांनी त्याला एका टेबलाभोवती जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचं रूप दिलं. आजच्या लिनक्समधलं लॉकडेप हे साधन कुलपं कोणत्या क्रमाने घेतली जातात याची नोंद ठेवतं आणि प्रत्यक्ष अडकायच्या आधीच ओरडतं. ते चालू न करता मी एकही स्ट्रेस टेस्ट लावत नाही.

बेरीज की गुणाकार

आता मुख्य मुद्दा. टीएचई सिस्टीमची रचना थरांची होती. सर्वांत खाली शून्य क्रमांकाचा थर, तो प्रोसेसरची वाटणी आणि घड्याळाचे इंटरप्ट सांभाळणार. त्यावर मेमरी आणि ड्रम यांच्यातली ने-आण. त्यावर ऑपरेटरच्या टाइपरायटरशी संवाद, मग इनपुट-आउटपुटचे बफर, आणि त्यावर वापरणाऱ्यांचे प्रोग्राम. वरच्या थराने खालच्यावर विसंबायचं, उलट कधीही नाही.

आपल्याला आज हे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखं वाटतं. पण त्यामागचा हिशेब टेस्टिंगचा आहे. समजा तीन भागांच्या अनुक्रमे २०, ३० आणि १० महत्त्वाच्या अवस्था आहेत. सगळं एकात एक गुंतलेलं असेल तर तपासायच्या जोड्या २० गुणिले ३० गुणिले १०, म्हणजे ६,०००. थर नीट वेगळे असतील आणि खालचा थर पूर्ण तपासून झाल्यावरच त्यावर पुढचा चढवला असेल, तर २० अधिक ३० अधिक १०, म्हणजे ६०. (आकडे माझे, उदाहरणापुरते.) मोठमोठ्या टेस्ट लिहिण्यापेक्षा टेस्टची संख्या आवाक्यात राहील असा प्रोग्राम लिहायचा, असा त्यांचा मार्ग होता.

आणि त्यांनी टेस्ट केल्याच! हे मुद्दाम सांगतो, कारण टेस्टिंगने चुका असल्याचं कळतं पण नसल्याचं कळत नाही, हा त्यांचा विचार पुढे करून टेस्टिंगला नाक मुरडणारे बरेच भेटतात. टीएचईच्या प्रत्येक टप्प्यावर, जेवढी सिस्टीम तयार आहे तेवढीवर, खास टेस्ट प्रोसेस चढवल्या जायच्या. त्यांची कामं दोन. एक, सिस्टीमला प्रत्येक महत्त्वाच्या अवस्थेत ढकलायचं. दोन, त्या अवस्थेत ती ठरल्याप्रमाणेच वागते का ते बघायचं. मी लिनक्सवर आरसीयू-टॉर्चर नावाची जी टेस्ट चालवतो तिचा साचा हाच आहे. काही थ्रेड डेटा वाचत राहतात, काही बदलत राहतात, मध्येच कोअर बंद-चालू केले जातात, आणि कुणाला फेकून दिलेला जुना डेटा हाती लागला का यावर सतत नजर असते. नुसता लोड टाकायचा आणि मशीन हँग झालं नाही म्हणजे पास, हे काम अर्धंच. दुसऱ्या अर्ध्याकडे दुर्लक्ष झालेल्या टेस्ट मी फार बघितल्या आहेत.

निकाल काय लागला? टीएचईच्या टेस्टिंगमध्ये फक्त किरकोळ चुका सापडल्या, साधारण ५०० सूचनांमागे एक, आणि प्रत्येक चूक मशीनवर दहा मिनिटांच्या आत शोधता आली. ज्याला अठराव्या तासाच्या चुकीमागे आठवडा घालवावा लागतो त्याला या दहा मिनिटांचा हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

खऱ्या लोखंडाचा प्रश्न

ऑक्टोबर १९६७ मध्ये टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला ऑपरेटिंग सिस्टीमवरचं संमेलन भरलं. तिथे डाइक्स्ट्रांनी हे काम मांडलं आणि मे १९६८ मध्ये ते छापून आलं. सहा पानांचा लेख. त्यात थरांचं वर्णन आहे, सेमाफोरचं परिशिष्ट आहे, आणि स्वतःच्या गटाच्या चुकांची कबुलीही आहे. मला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो. त्यांनी लिहिलंय की आपण फार काळ निर्दोष यंत्रच डोळ्यांसमोर ठेवलं. एखादं उपकरण मधेच बंद पडलं तर काय, याचा विचार उशिरा सुरू झाला आणि तो अपेक्षेपेक्षा बराच महाग पडला. आधी केलेली हुशारीच काही ठिकाणी आडवी आली, कारण सिस्टीम स्वतःला फार गुंतागुंतीच्या अवस्थेत नेऊ शकत होती.

खऱ्या हार्डवेअरवर टेस्ट का करायची, याचं उत्तर मला इथे मिळतं. क्यूईएमयूसारख्या एम्युलेटरमध्ये कर्नल चालवणं स्वस्त आणि सोयीचं आहे, आणि पहिल्या फेरीसाठी मी तेच वापरतो. पण एम्युलेटरमधली डिस्क सहसा शहाण्यासारखी वागते. तिची केबल सैल नसते, तिला उत्तर द्यायला अचानक चार सेकंद लागत नाहीत. प्रोसेसर तापत नाही, त्यामुळे त्याचा वेग आपोआप उतरत नाही. झोपलेला कोअर जागा व्हायला जो वेळ घेतो तोही तिथे खरा नसतो. इंटरप्ट येतात, पण खऱ्या बोर्डावरच्या बेभरवशी वेळेला नाही.

शिवाय एक गोष्ट एक्स-८वर नव्हतीच. तिथे प्रोसेसर एकच होता. आज एका चिपवर आठ कोअर असतात आणि एका कोअरने केलेलं मेमरीतलं लेखन दुसऱ्याला त्याच क्रमाने दिसेलच असं नाही. १९६५ मध्ये डाइक्स्ट्रांनी कितीही संगणकांमध्ये एका वेळी एकालाच आत सोडणारा अल्गोरिदम छापला, त्याआधी दोघांपुरतं उत्तर डेकर यांनी दिलं होतं. दोन्ही तर्काने अगदी बरोबर. पण त्यात धरून चाललेलं आहे की लिहिलेलं लगेच आणि क्रमाने सगळ्यांना दिसतं. आजच्या एआरएम किंवा इंटेलच्या प्रोसेसरवर, मध्ये मेमरी बॅरियर न घालता तो अल्गोरिदम जसाच्या तसा उतरवला, तर कधीतरी दोघेही एकदम आत शिरतात. सिद्धतेत चूक नसते. ज्या यंत्राबद्दल सिद्ध केलं ते यंत्रच टेबलावर नसतं. आणि एम्युलेटर बऱ्याचदा हा क्रम बदलूनच दाखवत नाही, त्यामुळे तिथे टेस्ट हिरवीगार, बोर्डावर लाल.

लिनक्स कर्नल आता कोट्यवधी ओळींचं झालंय. त्याचे थर टीएचईसारखे काटेकोर नाहीत, सिद्धतेचं तर नावच नको. तरीही नवा बोर्ड हातात आला की मी सगळं एकदम चालू करत नाही. आधी फक्त टायमर आणि शेड्युलर, त्यावर मेमरीचा ताण, मग स्टोरेज, मग नेटवर्क, आणि शेवटी स्ट्रेस-एनजीने सगळं मिळून. मधल्या टप्प्यावर काही पडलं तर संशयित मोजकेच राहतात. डिस्कची केबल चालू टेस्टमध्ये उपटणं हा माझ्या यादीतला वेगळा टप्पा आहे, तो त्या सहा पानांवरून घेतलेला.

पुढची वर्षं

टीएचईनंतरचा काळ डाइक्स्ट्रांना जड गेला. विभागात या कामाचं फारसं कौतुक नव्हतं, ते गंभीर नैराश्यात गेले. त्यातून बाहेर पडताना स्ट्रक्चर्ड प्रोग्रामिंगवरची प्रसिद्ध टिपणं लिहिली गेली. गो-टू सूचनेविरुद्धचं गाजलेलं पत्र १९६८चं, त्याचं भडक शीर्षक मात्र संपादक निक्लाउस विर्ट यांनी दिलेलं. १९७२ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७३ पासून ते बरोज कंपनीचे संशोधक म्हणून आइंडहोफेनजवळच्या न्यूनेन गावी घरूनच काम करत, आणि १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला गेले. १९९९ मध्ये निवृत्त झाले.

या सगळ्या काळात ते फाउंटन पेनने टिपणं लिहीत, क्रमांक घालून झेरॉक्स काढत आणि ओळखीच्यांना पाठवत. अशी तेराशेहून जास्त टिपणं आहेत, आणि टेक्सास विद्यापीठाने ती स्कॅन करून सर्वांसाठी ठेवली आहेत. स्वतः संगणक ते फारसा वापरत नसत. ६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूनेनमध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

वाचायची सुरुवात १९६८च्या त्या लेखापासून करा. गणित फार नाही, एका बैठकीत होतो. चुकांची कबुली पुढच्या भागातच आहे, थरांच्या वर्णनाआधी.